राजवाड्यातलं प्रेम आणि इतिहासाचा फाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्यायी इतिहासात घडणारी, राजघराण्यातल्या तरुण मुलामुलींची प्रेमकथा लिहायला घेतलेली बरीच मुलं मला कच्चे खर्डे पाठवतात. बहुतेक जण सोळा ते बावीस वयाचे. खर्ड्यासोबत प्रश्न येतात आणि ते फिरून फिरून तेच असतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत. एक मुद्दा दोन ठिकाणी लागू पडत असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. पर्यायी इतिहास म्हणजे ऐतिहासिक कादंबरीच ना? मग फरक काय?

ऐतिहासिक कादंबरीत थोरले माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने वारतात म्हणजे वारतातच. ते कसे गेले, एवढंच लेखकाच्या हातात. पर्यायी इतिहासात ते त्या क्षयातून उठून बसतात आणि तिथून पुढचं सगळं तुमच्या अंगावर येतं. एसटीच्या रस्त्याला जसा फाटा फुटतो तशी ही जागा. मी तिला फाटाच म्हणते. फाट्यापर्यंतचा रस्ता खरा आणि खरा म्हणजे तारखेनिशी खरा, पुढचा तुम्ही बांधलेला.

मराठीत याचं घरोघरी माहीत असलेलं उदाहरण म्हणजे जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा. तिथे विश्वासरावांना लागलेली गोळी लागत नाही, चाटून जाते, आणि सगळा इतिहास वळतो. बदल केवढासा आहे ते बघा. नवशिके लेखक पहिल्याच पानावर पाच लढाया जिंकून देतात. फाटा एकच ठेवा.

२. मग प्रेमकथा त्यात कुठे बसते? आणि राजघराण्यातलीच कशाला?

सामान्य घरातल्या दोघांचं प्रेम घरच्यांना नडतं. राजघराण्यात ते तह, वारसा, खजिना आणि शेजारचं राज्य या सगळ्यांना नडतं. म्हणून राजघराणं.

पण माझी एक परीक्षा आहे आणि आलेले बहुतेक खर्डे तिथेच अडकतात. तुमच्या गोष्टीतून फाटा काढून टाका. प्रेमकथा तशीच चालू राहिली, फक्त पैठणीच्या जागी जीन्स आली, तर तुम्ही कॉलेजातली गोष्ट वाड्यात नेऊन ठेवली आहे, बाकी काही नाही. बदललेल्या इतिहासानेच या दोघांना भेटवलं पाहिजे आणि त्यानेच त्यांच्या मध्ये उभंही राहिलं पाहिजे. माधवराव जगले म्हणून जो मुलगा दरबारात मोठा झाला, त्याच माधवरावांनी केलेल्या तहापोटी जिचं लग्न दुसरीकडे ठरलंय, अशा मुलीवर त्याचा जीव जडला, तर गोष्ट उभी राहते.

३. फाटा कुठे फोडू? पानिपत घेतलं तर चालेल?

चालेल, पण दहातले सात जण तेच घेतात. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव अठरा वर्षांचे होते, म्हणजे तुमच्या वाचकाच्या वयाचे. मोह होणारच. मात्र पानिपत वळवलं की दिल्ली, अब्दाली, निजाम, बंगालातली ईस्ट इंडिया कंपनी सगळं नव्याने मांडावं लागतं आणि प्रेमाला पानं उरत नाहीत.

मी लहान फाटे सुचवते. साताऱ्याचा १८४८ चा घ्या: छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले, मृत्यूआधी घेतलेला दत्तक डलहौसीने नाकारला आणि राज्य खालसा झालं. तो दत्तक मंजूर झाला असता तर? किंवा तंजावर, १८५५: शेवटचे राजे शिवाजी गेले तेव्हा मुलगा नव्हता, मुली होत्या (प्रश्न ९ पाहा). तंजावरात तमिळ मुलखात मराठी दरबार, सरस्वती महाल ग्रंथालयातली हजारो हस्तलिखितं आणि इकडे कुणालाच धड न कळणारी तिथली मराठी, एवढी सामग्री आयती पडली आहे. आजवर माझ्याकडे तंजावरावर एकच खर्डा आला.

माझा सगळ्यात आवडता फाटा सातारा जिल्ह्यातल्या औंधचा. बहात्तर गावांचं संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे प्रचारक. त्यांनी जानेवारी १९३९ मध्ये राज्यघटना देऊन सत्ता ग्रामपंचायतींकडे सोपवली, आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. समजा झालं नसतं. आज तिथे एक राजकन्या आहे, जिच्याकडे गादी आहे पण कोतवाल बदलण्याचाही अधिकार नाही, आणि तिचा जीव अडकलाय विरोधी पॅनलच्या सरपंचाच्या मुलात.

४. पेशव्यांच्या मुलाला ‘युवराज’ म्हटलं तर चालेल ना?

नाही. पेशवे प्रधान होते, राजे नव्हते. राजे साताऱ्याला. नव्या पेशव्याला वस्त्रं साताऱ्याहून मिळायची. १७४९ मध्ये शाहू महाराज गेल्यावर सत्ता पुण्यात एकवटली हे खरं, पण गादी तिथेच राहिली. आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने मान्य झालेली कोल्हापूरची दुसरी गादीही होती. पेशव्यांकडे ‘श्रीमंत’, ‘रावसाहेब’, ‘दादासाहेब’ अशी संबोधनं वापरा. खरं तर या गफलतीतच उत्तम कथा दडली आहे: सत्ता असलेल्या पुण्याच्या घरातला मुलगा आणि मान असलेल्या साताऱ्याच्या घरातली मुलगी. दोघांत मोठं कोण? शिवाय एक घर ब्राह्मण आणि एक मराठा. त्यावर प्रश्न ११.

५. नायक-नायिकेचं वय किती ठेवू? त्या काळी तर लग्नं फार लहानपणी व्हायची.

व्हायची, आणि ते सुंदर करून दाखवू नका. दोघंही अठराच्या पुढची ठेवा. काळ जुना असेल तर एवढी मोठी मुलगी बिनलग्नाची का, याला कारण लागेल, आणि कारण फाट्यातूनच आलं पाहिजे. काही सुधारणा खऱ्या इतिहासातही संस्थानांत आधी आल्या. बडोद्यात बालविवाहबंदीचा कायदा १९०४ चा, ब्रिटिश मुलखातला शारदा कायदा १९२९ चा. तुमच्या राज्यात तो आणखी तीस वर्षं आधी आला असं ठरवा, म्हणजे वयाचा प्रश्न सुटतो आणि राज्याला स्वभावही येतो.

६. गोषा असताना ही दोघं भेटणार तरी कुठे?

हुजऱ्याच्या मदतीने, गच्चीवर, चांदण्यात, असं कृपा करून नको. गोषातल्या घरांतही जिथे जायलाच लागायचं त्या जागा शोधा: देवदर्शन, हळदीकुंकू, लग्नातले आठ दिवस, आजारपण, शिकवणी. शिकवणी मला विशेष आवडते. मोडी ही कागदपत्रांची, कारकुनांची लिपी, पोथ्या बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. पोथ्यांवर वाढलेल्या मुलीला मोडी येत नाही, दफ्तरात वाढलेल्या मुलाचा बाळबोध हात गचाळ. एकमेकांना चिठ्ठी लिहायची तर आधी एकमेकांची लिपी शिकावी लागेल. आणि चिठ्ठी मोडीत असेल तर वाड्यातला प्रत्येक कारकून ती वाचू शकतो, हे विसरू नका.

७. मला मोडी यायलाच हवी का?

नाही. पण महिनाभर शिकलात तर पत्रांचे मायने आपोआप सुधारतात.

८. संवादात ‘आम्ही’ म्हणायचं की ‘मी’? मालिकांत तर सगळेच ‘आम्ही’ म्हणतात.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं मला बरंही वाटतं, कारण मराठीत प्रेमकथा लिहिणाऱ्याच्या हातात सर्वनामांसारखं दुसरं हत्यार नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्याकडे समोरच्यासाठी एकच शब्द. आपल्याकडे तीन: आपण, तुम्ही, तू. शिवाय स्वतःसाठी दोन.

‘आम्ही’ सतत वापरलं की ते गुळगुळीत होतं. दरबारात, पाहुण्यांपुढे, नोकरांपुढे राजकन्या ‘आम्ही’ म्हणेल. दाईपाशी, रात्री, ताप आल्यावर ‘मी’. मग ज्या दिवशी ती त्या मुलासमोर चुकून ‘मी’ म्हणून जाते आणि तिच्या ते लक्षात येतं, त्या दिवशी तुम्हाला ‘तिचं काळीज धडधडलं’ लिहावं लागत नाही.

‘आपण’वरून ‘तुम्ही’वर यायला एका खर्ड्यात शंभर पानं लागली होती, आणि ‘तू’ शेवटच्या प्रकरणात एकदाच आला होता, तोही भांडणात. ते पान मी चार वेळा वाचलं. उलटा प्रवासही करून बघा: लहानपणी ‘अरे’ म्हणणारी मुलगी तो गादीवर बसल्यावर ‘आपण’ म्हणू लागते. तिचं काय तुटलं ते वाचकाला सांगायला नको.

घरातली नाती मात्र नीट हाका मारू द्या. आईसाहेब, आबासाहेब, आक्कासाहेब, वहिनीसाहेब ही नावं घराप्रमाणे बदलतात. कोल्हापुरात जे चालेल ते पुण्यात ब्राह्मण घरात चालेलच असं नाही. ‘माँसाहेब’ प्रत्येक आईला लावू नका. आणि खासगीतल्या म्हाताऱ्या दाईने युवराजाला ‘बाळ’च म्हटलं पाहिजे, त्याचा राज्याभिषेक झाला तरी.

९. मुलगी गादीवर बसू शकते का?

मुलासाठी किंवा मुलाच्या नावाने राज्य चालवणाऱ्या बायका आपल्याकडे भरपूर: १७०० नंतर ताराबाई, झाशीच्या लक्ष्मीबाई. अहिल्याबाईंचा कारभार १७६७ ते १७९५, तोही कुणा मुलाच्या नावाने नाही. आणि भोपाळला तर १८१९ पासून १९२६ पर्यंत एकामागून एक चार बेगमा. म्हणजे कारभार नवा नाही. मुलीकडे वारशाने गादी जाणं मराठा घराण्यांत नवं ठरेल. त्यासाठीच फाटा आहे. तंजावरची गादी १८५५ मध्ये मुलीकडे गेली असं धरलं, तर पहिला प्रश्न येतो तिच्या नवऱ्याचा: तो कोण, दरबारात बसणार कुठे, मुलांना आडनाव कुणाचं? तिच्यावर प्रेम करणाऱ्या मुलाला या प्रश्नांची उत्तरं आवडतात का, यावर कादंबरी निघते.

१०. माझा नायक गरीब घरातला आहे आणि दत्तक जाऊन राजा होतो. हे फार फिल्मी वाटेल का?

वाटेल, पण ते घडलेलं आहे, दोनदा तर नक्कीच. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये दत्तक गेला आणि बडोद्याचा सयाजीराव झाला. १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव कोल्हापूरला दत्तक जाऊन शाहू महाराज झाला. तो गरीब नव्हता, पण राजपुत्रही नव्हता.

अवघड भाग पुढे आहे आणि तो कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. दत्तकाने नाती बदलतात. तुमच्या नायकाचं दिवंगत राजाच्या पुतणीवर प्रेम आहे. दत्तकविधान झालं त्या क्षणी ती त्याची चुलत बहीण. संपलं. ती राणीच्या भावाची मुलगी असेल तर मात्र ती मामेबहीण होते, आणि मामाच्या मुलीशी लग्न बऱ्याच मराठा घरांत रूढीने चालत आलंय. एकाच वाड्यातल्या दोन मुली; एक विधी दोघींचं नशीब वेगवेगळं करतो.

आणि जन्मघरचं नातं सुटतं असंही समजू नका. वारसा सुटतो, पण लग्नाला वर्ज्य असलेली जन्मघरची नाती वर्ज्यच राहतात. १९५६ च्या दत्तक कायद्यातही तेच आहे. म्हणजे दत्तक मुलाला दोन्ही घरांची बंधनं.

मग कुणीतरी चलाखी करतं: दत्तकविधानाच्या आदल्या रात्री लग्न उरकून टाकायचं! मुंबई इलाख्यात जुन्या रिवाजाने लग्न झालेला माणूसही दत्तक जाऊ शकत असे, तेव्हा तेवढ्यावरून दत्तक अडत नाही. पण बायको सकाळी बहीण ठरते का? दरबारातल्या शास्त्रीबुवांना दोन तट पाडून भांडू द्या. मला तरी तो प्रसंग वाचायला आवडेल.

११. पेशवाई टिकली असं दाखवलं तर फुले, आंबेडकर यांचं काय? हे टाळता येईल का?

टाळू नका. टाळलेले खर्डे मी परत पाठवते. दोनशे वर्षं टिकलेल्या पेशवाईत सगळे नुसते लाडू खाताहेत आणि पालख्या चालल्यात, तर त्या पालख्या उचलणारे कोण, हे वाचक विचारणारच.

खरा इतिहास इथे मदतीला येतो, कारण तो सरळ नाही. १८४८ मध्ये डलहौसीने सातारा गिळला, आणि त्याच वर्षी पुण्यात, कंपनीच्या राज्यात, जोतीराव आणि सावित्रीबाईंची मुलींची शाळा निघाली. इंग्रज नसते तर ती शाळा कोणत्या वर्षी, कुणाच्या विरोधात, कुणाच्या पाठिंब्याने निघाली असती? उलट बाजूने, कोल्हापुरात १९०२ मध्ये पन्नास टक्के जागा राखून ठेवणारे शाहू महाराज आणि १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कला पाठवणारे सयाजीराव, हे दोघं मराठा राजेच होते. आणि त्याच बडोद्यात १९१७ मध्ये नोकरीवर रुजू झालेल्या आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नाही. राजा एक, राज्य दुसरंच.

तुमच्या दोघांतला एक जण कथित खालच्या जातीतला असेल तर ‘प्रेमाने सगळं जिंकलं’ म्हणून सुटू नका. शाहू महाराजांनी कागलच्या घाटग्यांची मुलगी इंदूरच्या होळकरांकडे, म्हणजे मराठा मुलगी धनगर घरात, द्यायचं ठरवलं होतं. लग्न झालं १९२४ मध्ये, महाराज १९२२ मध्येच गेले होते. दोन्हीकडे राज्य, दोन्हीकडे पैसा, तरी एवढी वर्षं. मग जिथे एकीकडे काहीच नाही, तिथे किती लागतील?

१२. इंग्रज आलेच नाहीत तर रेल्वे, चहा, वडापाव यांचं काय करू?

मिरची, पाव आणि ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आले, बेसन आपलं. तेव्हा वडापाव वाचला, गिरणी कामगार कुठून आणायचे ते तुम्ही बघा. चहाचं कठीण आहे. आसामचे मळे कंपनीच्या काळातले, १८३० च्या पुढचे. तुमची राजकन्या सकाळी चहा पीत असेल तर तो कुठून आला हे तुम्हाला माहीत हवं, वाचकाला सांगायलाच हवं असं नाही. रेल्वेचंही तेच: १८५३ ची बोरीबंदर ते ठाणे गाडी तुमच्या जगात कुणी पैसे घातले म्हणून धावली? आणि मोडी मेली नसेल, तर ती आज प्रत्येकाच्या फोनमध्ये असेल. आपल्या जगात ती युनिकोडमध्ये आली २०१४ ला, तोवर वाचणारेच उरले नव्हते.

१३. राजकन्येने ठरलेलं लग्न मोडलं तर वाचक म्हणतील ‘असं त्या काळी शक्यच नाही’. काय करू?

बडोद्याच्या इंदिराराजेंची हकिगत सांगा. सयाजीराव आणि चिमणाबाईंची ही मुलगी. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं होतं. ते तिच्याहून सोळा वर्षांनी मोठे आणि आधीच विवाहित. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी तिची आणि कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांची गाठ पडली, आणि लग्न करायचं नाही असं पत्र तिने स्वतःच ग्वाल्हेरला धाडून दिलं. आईवडिलांना पत्ताच नाही. राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय, असं विचारणारी ग्वाल्हेरची तार आली तेव्हा कळलं. घरचा विरोध कडक होता. मुलगा मराठा नाही, घराणं ब्राह्मो समाजाचं, शिवाय तो धाकटा भाऊ. १९१३ मध्ये लंडनला लग्न झालं, आईवडील आले नाहीत. त्याच वर्षी थोरला भाऊ वारला आणि जितेंद्र राजे झाले. १९२२ मध्ये तेही गेले आणि इंदिराराजेंनी मुलाच्या वतीने राज्य चालवलं.

एवढं सगळं एका खऱ्या आयुष्यात. तुमच्या राजकन्येने नुसतं पत्र लिहिलं तर कोण हरकत घेणार? तिला घाबरलेली मात्र दाखवा. पत्र पेटीत पडल्यावर ते परत काढता येत नाही.

१४. परदेशातलं राजघराणं घेतलं तर? उदाहरणार्थ अमेरिकेत राजेशाही आली असती तर?

तो फाटा खरा आहे. १७८२ मध्ये कर्नल लुईस निकोला यांनी वॉशिंग्टनना राजेपदाची कल्पना सुचवणारं पत्र लिहिलं, त्यांनी ते कडक शब्दांत झिडकारलं. झिडकारलं नसतं तर? पण वॉशिंग्टनना स्वतःचं मूल नव्हतं. पत्नी मार्था यांची मुलं पहिल्या नवऱ्याची. माउंट व्हर्ननचा वाडा पुढे पुतण्याकडे गेला. म्हणजे सिंहासनाचाही तोच घोळ झाला असता आणि दत्तकाची सोय त्या परंपरेत नाही. मराठी लेखकाला हे जग निवडायचं असेल तर हीच नजर घेऊन जा (प्रश्न १०).

१५. खऱ्या घराण्यांची, खऱ्या माणसांची नावं वापरू का?

फाट्यापर्यंत वापरा. फाट्यानंतरचे सगळे तुमचे हवेत, नावंही तुमची. वंशज आज हयात आहेत, आणि मृत व्यक्तीची बदनामी कुटुंबाला दुखावण्याच्या हेतूने केली तर कायद्यातही ती बदनामीच ठरते. सोपा मार्ग: खऱ्या गाद्यांच्या आजूबाजूला एक काल्पनिक छोटं संस्थान वसवा. नदी खरी घ्या, घाट खरा घ्या, संस्थानाचं नाव नवं. शिवाजी महाराजांना प्रेमकथेतलं पात्र करू नका. याचं कारण कुणी मला विचारलेलं नाही.

१६. शेवटी एकाने गादी सोडलीच पाहिजे का? मला तो शेवट फार पाहिलेला वाटतो.

पाहिलेला आहेच. डिसेंबर १९३६ मध्ये इंग्लंडच्या आठव्या एडवर्डने सोडली तेव्हापासून सगळे तोच शेवट लिहिताहेत. गादी की माणूस, असं दोनच दारांचं घर बांधलं की तिसरी वाट दिसत नाही.

प्रश्न ३ मधल्या औंधकडे परत या. तिथे राजाने गादी सोडली नाही, सत्ता सोडली. तुमच्या राजकन्येला तेच करता येईल. पण मग सत्ता जाणार ग्रामपंचायतीकडे, म्हणजे त्या सरपंचाकडे, म्हणजे होणाऱ्या सासऱ्याकडे. आणि यमाईच्या जत्रेत मानाचा नारळ कुणी फोडायचा, यावर लग्नाआधी पहिली बैठक बसेल.